नोंदींची जोडणी आणि निसटणारी माणसे : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील प्रशासकीय नोंदींचा सामाजिक व आरोग्यविषयक संशोधनासाठी उपयोग

प्रस्तावना

शासनयंत्रणा आपल्या दैनंदिन कामकाजासाठी ज्या नोंदी ठेवते, त्यांना स्थूलमानाने प्रशासकीय नोंदी म्हणता येईल. ग्रामपंचायतीतील जन्म-मृत्यूची नोंदवही, अंगणवाडीतील वजनांची वही, प्राथमिक आरोग्य केंद्रातील गरोदर मातांची नोंद, शाळेचे जनरल रजिस्टर, रोजगार हमीचे हजेरीपत्रक, कारखान्यातील कामगारांची विमानोंद ही त्यांची परिचित रूपे होत. यांपैकी एकही नोंद संशोधनासाठी निर्माण झालेली नाही. दाखला देणे, आहार वाटणे, मजुरी चुकती करणे, वर्गणी वसूल करणे एवढाच तिचा मूळ हेतू असतो. परंतु एकाच व्यक्तीविषयीच्या निरनिराळ्या कचेऱ्यांतील नोंदी परस्परांशी जोडता आल्या, तर कोणत्याही एका कचेरीला न दिसणारी गोष्ट दिसू लागते. या प्रक्रियेस नोंदजोडणी म्हणतात. हॅल्बर्ट डन या अमेरिकन अधिकाऱ्याने १९४६ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्याने तिला माणसाच्या आयुष्याच्या ग्रंथाची पाने एकत्र बांधण्याची उपमा दिली होती.

प्रस्तुत लेखात जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग आणि बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा यांच्या संदर्भात या पद्धतीचा विचार केला आहे. ही पद्धत स्वस्त आहे, व्यापक आहे आणि येथील काही प्रश्नांना तिच्यावाचून दुसरे उत्तर नाही. तथापि या परिसरात जोडणीतून निसटणारी माणसे यदृच्छेने निसटत नाहीत. ज्यांच्या आरोग्याविषयी प्रश्न विचारावयाचा, बहुधा तीच निसटतात. ही बाब ध्यानी न घेता काढलेला निष्कर्ष चुकीचा तर ठरतोच, शिवाय तो नेहमी एकाच दिशेने, म्हणजे 'सारे ठीक आहे' या दिशेने, चुकतो.

जिल्ह्याची सरासरी कोणाची?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्यापूर्वीची सर्व जिल्हावार आकडेवारी ठाण्याच्या नावे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्ह्यांवर आधारलेली असल्यामुळे तीतही पालघर वेगळा दिसत नाही. पालघरचे स्वतंत्र पत्रक पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये मिळाले. बालमृत्युदरासाठी नेहमी उद्धृत होणारी नमुना नोंदणी पद्धती तर जिल्हा पातळीवरील दर देतच नाही.

स्वतंत्र पत्रक मिळाल्यानेही प्रश्न सुटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या आठ तालुक्यांची लोकसंख्या २९,९०,११६ होती. त्यांपैकी एकट्या वसई तालुक्यात १३,४३,४०२ माणसे होती, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. जव्हार (१,४०,१८७) आणि मोखाडा (८३,४५३) हे दोन्ही तालुके मिळून साडेसात टक्केच भरतात. अशा जिल्ह्याची सरासरी ही मुख्यत्वे वसई-विरारच्या इमारतींची सरासरी असते. तीत मोखाड्यातील पाडे पाण्यात मीठ विरघळावे तसे विरघळून जातात. नमुना सर्वेक्षण पाड्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तेवढा मोठा नमुना कोणालाही परवडत नाही. प्रशासकीय नोंद मात्र तत्त्वतः प्रत्येक पाड्यावर असते. तिचे खरे महत्त्व येथे आहे.

मृत्यूची नोंद एका कपाटात, वजनाची दुसऱ्या

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्राचे लक्ष वेधले. तेव्हापासून या भागातील बालमृत्यूंवर जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती दोन प्रश्नांवर येऊन अडते : मुले नेमकी किती दगावली, आणि ती कुपोषणाने दगावली काय? दुसऱ्या प्रश्नाचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून 'कुपोषण' हा शब्द क्वचितच आढळतो. तेथे न्यूमोनिया असतो, अतिसार असतो, ताप असतो, जन्मतः कमी वजन असते. ही नोंद खोटी असते असे नव्हे. तीव्र कुपोषित बालक बहुधा जंतुसंसर्गानेच दगावते आणि डॉक्टर शेवटचा आजार लिहितो. त्या बालकाचे तीन महिन्यांपूर्वीचे वजन मात्र अंगणवाडीच्या वहीत असते. अंगणवाडी ही २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा भाग असून ती महिला व बालविकास विभागाकडे आहे. आजाराची नोंद सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, आणि मृत्यूची कायदेशीर नोंद गावपातळीवर ग्रामपंचायतीकडे. दोन नोंदी जोडल्या की 'न्यूमोनियाने मृत्यू' हे वाक्य 'तीव्र कुपोषित बालकाचा न्यूमोनियाने मृत्यू' असे वाचता येते. न जोडल्यास दोन्ही विभाग आपापल्या जागी बरोबर राहतात आणि प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात एकदा निराळ्या मार्गाने शोधले गेले. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रात जन्म व बालमृत्यू प्रत्यक्ष मोजले. 'कोवळी पानगळ' या अहवालातून शासकीय आकडा व वास्तव यांतील अंतर पुढे आले आणि पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. हे काम नोंदजोडणीचे नव्हते, नव्याने केलेल्या मोजणीचे होते. परंतु अशी मोजणी दरवर्षी करणे कोणालाच शक्य नसते. जोडलेल्या नोंदी हा तिचा कायमस्वरूपी, थोडा अशक्त, पर्याय होऊ शकतो.

तो अशक्त का, याचे पहिले कारण कायद्यातच आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार घटना जेथे घडली तेथे तिची नोंद होते. कुटुंब जेथे राहते तेथे नव्हे. तलासरीतील रुग्ण सिल्वासा वा वापीस जातो, मोखाड्यातील नाशिकला, बोईसरचा मुंबईला. तेथे मृत्यू झाल्यास नोंद तेथील निबंधकाकडे, आणि सिल्वासा-वापीच्या बाबतीत राज्याच्या हद्दीबाहेर जाते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने जन्माची नोंदही पुष्कळदा दुसऱ्याच तालुक्यात असते. म्हणजे एका मुलाचा जन्म विक्रमगड तालुक्यात, वजन मोखाडा तालुक्यात आणि मृत्यू नाशिकला नोंदलेला असू शकतो. या तिन्ही नोंदी खऱ्या असतात. एकही अपूर्ण नसते.

याच संदर्भात नोंदणीच्या प्रपत्राची रचना पाहण्यासारखी आहे. त्याचे दोन भाग आहेत. कायदेविषयक भागात नाव, आईवडिलांचे नाव, पत्ता; सांख्यिकीय भागात राहण्याचे गाव, शिक्षण, व्यवसाय इत्यादी. कागदी पद्धतीत पहिला भाग निबंधकाकडे राही व दुसरा फाडून वर पाठविला जाई. गोपनीयतेच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम होती. पण नाव खाली राहिले आणि माहिती वर गेली की जोडणी संपली. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने जन्म-मृत्यूंचा राष्ट्रीय पातळीवरील माहितीसाठा उभारण्याची तरतूद केली आहे. तिचा लाभ पुढील नोंदींना होईल. मागील पन्नास वर्षांच्या वह्या आहेत तशाच राहतील.

नावे, वार आणि १ जून

डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकास एक क्रमांक आहे व सर्व शासकीय नोंदींत तोच वापरला जातो. तेथे नोंदजोडणी हे बव्हंशी यांत्रिक काम आहे. भारतात पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिले गेले. त्यापूर्वीच्या नोंदींत तो क्रमांक असण्याचा प्रश्नच नाही. अर्भकांना तो पुष्कळदा नसतो, आणि मृत बालकाला तो पुढे मिळणारही नसतो. शिवाय आधार अधिनियम, २०१६ ओळखमाहितीच्या वापरावर व देवाणघेवाणीवर मर्यादा घालतो. परिणामी संशोधकास नाव, वय, लिंग व गाव यांवरूनच जुळणी करावी लागते.

अशा जुळणीचे शास्त्र हॉवर्ड न्यूकोम (१९५९) आणि इव्हान फेलेगी व अॅलन सन्टर (१९६९) यांनी कॅनडात घडविले. त्याचे सूत्र साधे आहे : दोन नोंदींतील एखादा तपशील जुळला तर तो पुरावा किती भक्कम, हे त्या तपशिलाच्या दुर्मीळपणावर अवलंबून असते. दुर्मीळ नाव जुळले तर पुरावा मोठा, सर्रास आढळणारे नाव जुळले तर लहान. प्रत्येक तपशिलाचे असे वजन काढून बेरीज करावयाची आणि ठरावीक मर्यादेपुढील जोड्या खऱ्या मानावयाच्या.

हे सूत्र पालघरमध्ये लावू गेल्यास काय होते ते पाहावे. आदिवासी समाजात जन्मवारावरून नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावे व त्यांची स्त्रीरूपे पाड्यापाड्यावर आढळतात. आडनावेही मोजकीच. 'सोमा' हे नाव वसईत जुळले तर तो काहीसा पुरावा. मोखाड्यात जुळले तर जवळजवळ काहीच नाही. जन्मतारखेचे तेच. ग्रामीण महाराष्ट्रात शाळेत दाखल करताना गुरुजींनी १ जून ही तारीख घालून दिलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. दोन नोंदींत १ जून जुळणे म्हणजे दोघेही एकाच तऱ्हेच्या शाळेत गेले होते एवढेच सिद्ध होते. स्त्रियांचे आडनाव लग्नानंतर बदलते, कधी नावही. पत्त्यात पाड्याचे नाव असते, आणि पाटीलपाडा वा डोंगरीपाडा नावाचे पाडे एकाहून अधिक गावांत असतात.

त्यात लिपीची भर. गावातील नोंद देवनागरीत, संगणकावरील रोमनमध्ये. 'लक्ष्मी' हे नाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते, 'भोये' तीन तऱ्हांनी. उच्चारसाम्य शोधणारी साउंडेक्स ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील आडनावांसाठी घडविली गेली. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांच्या बोलीगत अदलाबदलीशी तिचा काही संबंध नाही. मराठी व वारली बोलीतील नावांसाठी स्वतंत्र उच्चारसारणी तयार करणे हे भाषाविभाग व संख्याशास्त्रविभाग यांनी एकत्र बसून करण्याजोगे काम आहे. बहुविद्याशाखीय संशोधनाची एवढी सरळ संधी क्वचितच मिळते.

न जुळलेला मृत्यू म्हणजे जिवंत गणलेले मूल

जोडणीत दोन प्रकारच्या चुका होतात. भिन्न व्यक्तींच्या नोंदी एक मानल्या जातात, ही खोटी जुळणी. आणि एकाच व्यक्तीच्या नोंदी वेगळ्या राहतात, ही हुकलेली जुळणी. मृत्यूच्या अभ्यासात दुसरी चूक अधिक घातक असते. जन्मनोंदींची यादी घेऊन तिला मृत्यूनोंदी जोडल्या, तर ज्या जन्माला मृत्यू जुळला नाही ते मूल हयात धरले जाते. संगणकाच्या लेखी हुकलेली जुळणी आणि जगलेले मूल यांत फरक नसतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात १,००० जन्म झाले. त्यांपैकी ९०० मुले वर्षभर गावात राहणाऱ्या कुटुंबांतील आणि १०० मुले दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील आहेत. पहिल्या गटात २७ आणि दुसऱ्या गटात १० बालमृत्यू झाले. म्हणजे हजारी दर अनुक्रमे ३० व १००. दुसऱ्या गटाचा धोका तिपटीहून अधिक. आता जोडणीत पहिल्या गटातील २७ पैकी २६ मृत्यू जुळले. दुसऱ्या गटातील मृत्यू भिवंडी वा वसईकडील भट्टीवर घडलेले, काही नोंदलेच न गेलेले; त्यांतील १० पैकी ४ च जुळले. जोडलेल्या नोंदींवरून काढलेले दर आता सुमारे २९ व ४० येतात. तिपटीहून मोठा धोका दीडपटीपेक्षाही कमी दिसू लागला. या अभ्यासात एकूण ३७ पैकी ३० मृत्यू, म्हणजे ८१ टक्के, जुळलेले आहेत. संशोधनलेखात हा आकडा समाधानकारक म्हणून छापला जाईल आणि कोणी आक्षेप घेणार नाही.

उचल घेऊन भट्टीवर, मिठागरावर वा बांधकामावर जाणारी कातकरी व वारली कुटुंबे वर्षातील कित्येक महिने गावाबाहेर असतात. त्या काळात अंगणवाडीच्या वहीत त्यांच्या मुलांपुढे 'स्थलांतरित' असा शेरा असतो आणि वजनाचा रकाना मोकळा. अंगणवाड्यांची दैनंदिन नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकर या प्रणालीत होते, आणि महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी वेगळी प्रणालीही हाती घेतली. या प्रयत्नांचे मोल आहेच. पण मोकळा रकाना ही माहितीची उणीव नसून स्वतःच एक माहिती आहे, हे संशोधकाने विसरू नये.

बोईसर-तारापूर : दुसऱ्या टोकाचा तोच प्रश्न

डोंगरातून किनाऱ्याकडे आल्यावर चित्र बदलल्यासारखे वाटते. तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. शेजारी तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलादाचे कारखाने दाटीने उभे राहिले. त्यांच्या सांडपाण्याचे दुष्परिणाम नवापूरपासून सातपाटीपर्यंतच्या मांगेला मच्छीमार समाजाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे मांडले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरचे गुण २००९ मध्ये ७२.०१ होते. २०१८ मध्ये ते ९३.६९ झाले आणि तारापूर देशातील तपासलेल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर गेले. मधल्या काळात गणनेची रीत बदलली असल्याने हे दोन आकडे थेट ताडून पाहू नयेत, पण क्रमांक बोलका आहे.

या निर्देशांकात आरोग्याला स्थान आहे. शंभरपैकी दहा गुण. ते परिसरातील प्रमुख रुग्णालयांतील रुग्णसंख्येच्या वाढीवरून दिले जातात. म्हणजे तेथेही माणसे मोजली जात नाहीत, भेटी मोजल्या जातात. एखाद्या रसायन विभागात आठ वर्षे काम केलेल्या माणसाला पुढे काय झाले, हा प्रश्न रुग्णसंख्येला विचारता येत नाही. तो विचारण्यासाठी तीन नोंदी जोडाव्या लागतात : कामाची, आजाराची आणि मृत्यूची. कागदोपत्री तिन्ही आहेत. कारखाने अधिनियम, १९४८ ने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांच्या आरोग्यनोंदी ठेवणे मालकावर बंधनकारक केले होते आणि ठरावीक व्यावसायिक रोगांची सूचना देण्याचीही तरतूद केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. कामगार राज्य विम्यात विमाधारकाचा क्रमांक व मालकाचा संकेतांक असतो. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची सूचना २०१२ पासून अनिवार्य असून ती निक्षय प्रणालीत नोंदली जाते.

अडचण पुन्हा माणसाची आहे. बोईसरच्या कारखान्यांतील कामगारांचा मोठा भाग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा यांसारख्या राज्यांतून आलेला व ठेकेदारामार्फत लागलेला असतो. ठेकेदार बदलला की नोंदही नव्याने सुरू होण्याचा संभव असतो. आणि प्रकृती ढासळली की तो गावी परततो. त्याचा शेवटचा आजार व मृत्यू हजार-दीड हजार किलोमीटर दूर नोंदला जातो. बोईसरच्या नोंदीत उरतात ते धडधाकट. रोगपरिस्थितीविज्ञानात यास निरोगी कामगार परिणाम म्हणतात. धोकादायक व्यवसायांचे आकडे पुष्कळदा सामान्य जनतेपेक्षाही चांगले दिसतात ते यामुळे. कायम कामगारांपुरता अभ्यास केला तर तो नीटनेटका होईल, पण ज्यांच्या अंगावर रसायन अधिक सांडते ते त्यात नसतील.

येथे जर्मनीतील एका अभ्यासाचा दाखला उपयुक्त आहे. तेथील १६ अणुविद्युत स्थळांभोवतालच्या १९८० ते २००३ या काळातील बालकर्करोगाचा अभ्यास २००७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. मात्र किरणोत्साराच्या मोजलेल्या मात्रेने ते स्पष्ट होईना, आणि एवढ्या दीर्घ काळात त्या वर्तुळातील रुग्ण अवघे ३७ होते. यावरून तारापूरविषयी काहीही सिद्ध होत नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, हा प्रश्न तेथे विचारता आला. देशव्यापी बालकर्करोग नोंदणी होती, आणि कोण कोणत्या घरात राहते याची नगरपालिकांकडे नोंद होती. रहिवासाची अशी नोंद बोईसरच्या चाळींसाठी कोठेही नाही. महाराष्ट्रात मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून आहे. बार्शीत कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधीत असत, कारण रुग्णालयाची वाट पाहिली तर अर्धे चित्र हाती लागेल हे तेथील संस्थापकांनी ओळखले होते.

गोपनीयतेविषयी

जोडलेली नोंद सुट्या नोंदीपेक्षा अधिक बोलते, म्हणून अधिक धोकादायकही असते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधन व सांख्यिकी यांना सवलत आहे. परंतु त्या माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानकांचे पालन व्हावे, या अटींवर. संशोधनासाठी केलेल्या जोडणीतून एखाद्या कुटुंबाचा शिधा वा अनुदान बंद झाले, तर ती अट मोडली असे होईल. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठात २००७ पासून चालणाऱ्या 'सेल' माहितीपेढीत ओळखीचा भाग एका विश्वस्त संस्थेकडे जातो आणि आशयाचा भाग संशोधकाकडे. दोन्ही भाग एका हाती कधीच येत नाहीत. आपल्या मृत्यूनोंदीच्या दुभागी प्रपत्रात हेच तत्त्व होते, फक्त मधला विश्वस्त नव्हता. पाड्याच्या पातळीवर मात्र नाव काढल्याने भागत नाही. चाळीस घरांच्या पाड्यात 'जुळ्यांपैकी एक दगावले' एवढे वाक्यही घर ओळखण्यास पुरेसे असते. तेव्हा लहान आकडे प्रसिद्ध न करण्याचा नियम येथे काटेकोरपणे पाळावा लागेल.

महाविद्यालयीन पातळीवर शक्य असलेले काम

राज्यव्यापी माहितीपेढी उभारणे महाविद्यालयाच्या आवाक्यातले नाही. जोडणीची परीक्षा घेणे मात्र आहे. एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे क्षेत्र निवडावे. नैतिकता समितीची व संबंधित कार्यालयांची लेखी अनुमती घेऊन ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद, अंगणवाडीची वही आणि आशा कार्यकर्तीची यादी यांची जुळणी करावी, आणि न जुळलेल्या नोंदींच्या घरी जाऊन त्या का जुळल्या नाहीत हे विचारावे. नाव निराळे लिहिले गेले, बाळंतपण माहेरी झाले, मृत्यू परराज्यात झाला, की नोंदच झाली नाही? ही कारणे स्थलांतर, जमात व तालुका यांनुसार मांडली, तर पुढील कोणत्याही मोठ्या अभ्यासास आपली दुरुस्ती किती करावी लागेल हे सांगणारा कोष्टक हाती येईल. विद्यार्थी स्थानिक असल्याने बोलीची अडचण नाही, आणि 'बुध्या' व 'बुधाजी' एकच काय हे त्यांना संगणकापेक्षा चांगले समजते.

वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी लागेल. शैक्षणिक वर्षातील क्षेत्रकार्य साधारणतः डिसेंबर-जानेवारीत होते आणि त्या महिन्यांत नेमक्या याच घरांना कुलूप असते. भट्ट्या पावसापूर्वी बंद होतात, कुटुंबे मिरगाच्या सुमारास परततात व भातलावणी आटोपेपर्यंत गावातच असतात. त्यामुळे घरभेटी जुलै-ऑगस्टमध्ये, पावसातच कराव्या लागतील.